अर्धमिशे, उलटे, रडके आणि आम्ही

“संभाजी मोकाशे कोण?”

गॅसच्या गाडीचा ड्रायव्हर थेट आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला होता. खांद्यावर भरलेली टाकी, मानेवरून घाम, आणि चेहरा असा, की आता कुणी नीट उत्तर दिलं नाही तर टाकी इथंच सोडून निघून जाईल.

“कुठला?” आख्खी सातवी एकदम ओरडली.

“कुठला म्हंजे? संभाजी मोकाशे, मोकाशेवाडी. एवढंच सांगितलंय मला.”

“अर्धमिश्यांचा, उलट्यांचा, का भजीवाल्यांचा?”

ड्रायव्हरनं टाकी खाली ठेवली आणि आमच्याकडं बघतच राहिला. मुल्ला सरही फळ्यावर लिहायचं सोडून वळले. सर मिरजेहून बदलून आले होते, गावात येऊन त्यांना महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांना वाटलं, पोरं त्या गरीब माणसाची चेष्टा करतायत.

“हे काय चाललंय?”

मी उठले. वर्गात कुणी काही विचारलं की आधी मीच उठायची, उत्तर येत असो नसो. “सर, गावात सगळेच मोकाशे आहेत. संभाजी तीन आहेत. म्हणून घराचं नाव विचारावं लागतं. अर्धमिश्यांचा संभाजी देवळाजवळ, उलट्यांचा ओढ्याकाठी, आणि भजीवाल्यांच्या दारात शेवगा आहे.”

“शेवगा! बाईमाणूस फोनवर शेवगाच म्हनत होतं!” ड्रायव्हरला एवढा आनंद झाला की त्यानं सरांशी हात मिळवला. धैर्यशील त्याला वाट दाखवायला पळाला. धैर्यशील म्हणजे आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू. वर्गाबाहेर जायची संधी तो कधी सोडायचा नाही.

सरांनी खडू ठेवला. कपाट उघडलं. कपाटात चार टॅब होते. गावातल्या पुण्याला नोकरीला असलेल्या लोकांनी वर्गणी काढून दिलेले. उद्घाटनाला त्यांची पूजा झाली होती, तेव्हाचं हळदकुंकू अजून त्यांच्या खोक्यांवर होतं, आणि त्यानंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता. मोडले तर कोण भरून देणार, म्हणून आधीच्या गुरुजींनी त्यांना देवासारखं बसवून ठेवलं होतं. सरांनी एक टॅब काढला, स्वतःच्या मोबाइलचं नेट त्याला जोडलं आणि नकाशा उघडला.

“हे बघा. ही सांगली. हा आपला कारखाना. हा रस्ता. आणि ही मोकाशेवाडी.”

आम्ही एकमेकांच्या अंगावर चढून बघितलं. मोकाशेवाडी म्हणजे करड्या रंगाचा एक ठिपका आणि वर एक शब्द. ना गल्ली, ना देऊळ, ना शाळा.

“शाळा पण नाही?” मी म्हणाले.

“काहीच नाही. आता त्या गॅसवाल्यानं काय करायचं?”

“आपण घालू की सर नकाशात,” कुणीतरी म्हणालं.

“घालू या,” सर म्हणाले. एवढं सोपं झालं ते.

पुढचे कित्येक दिवस दुपारनंतरची शाळा गावातच भरली. सरांनी आमचे चार गट केले. एकजण टॅब घेऊन गल्लीतून चालायचा, तसतशी नकाशावर रेघ उमटत जायची. एकजण अंतर मोजायचा आणि ते गणिताच्या तासाला खपायचं. एकजण घराचा फोटो काढायचा. आणि प्रत्येक घरावर आम्ही एक लाल खूण लावायचो. तिला सर काहीतरी इंग्रजी म्हणायचे, आम्ही टिकली म्हणायचो. टिकलीवर बोट ठेवलं की त्या घराचं नाव यायचं आणि त्या घराला ते नाव कसं पडलं ते आमच्यापैकी कुणाच्या तरी आवाजात ऐकू यायचं. हे आवाजाचं डोकं सरांचं. त्यांना वाटलं, यात भाषा पण होईल, इतिहास पण होईल.

आणि गोष्टी तरी काय एकेक! अर्धमिश्यांचा कुणी पूर्वज न्हाव्यापुढं बसला होता. अर्धी मिशी उतरली आणि घरून सांगावा आला, बायकोला जुळं झालं. हा गडी तसाच उठून पळाला आणि बारशापर्यंत त्याला उरलेली मिशी काढायची सवडच मिळाली नाही. उलट्यांचा पणजोबा बायकोला माहेरी सोडून निघाला. ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहावं म्हणून गाडीत उलटा बसला. बैलांना हाकणारं कुणी नाही, ते वळले आणि त्यांनी त्याला परत सासऱ्याच्या दारात आणून सोडलं. भजीवाल्यांचं काय झालं ते सांगायलाच नको, तिथं फक्त एक परात आणि एक माणूस होता.

नाव खरं कसं समजायचं, हा प्रश्न आला तेव्हा नियम मीच केला. मोठ्या ऐटीत उभी राहून म्हणाले, “सर, घरातल्या माणसांनी सांगितलेलं नाव धरायचं नाही. घराबाहेरच्या तिघांनी वेगवेगळं विचारल्यावर तेच नाव सांगितलं, तरच टिकली लावायची.”

“वा!” सर म्हणाले. “याला म्हणतात पडताळणी. वृषालीचा नियम पक्का.”

मला काय आनंद झाला म्हणता! आणि दोनच दिवसांनी तो नियम माझ्याच नरड्याला लागला.

आमचं घर गावाच्या टोकाला, माळावर. आम्ही मोकाशे नव्हतो, शेलार. आमचं मूळ गाव वर डोंगरात होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. बदली जमीन मिळाली ती इथं. मी जन्मले इथंच, बोलायला शिकले ते इथलंच, पण गावात माझ्या वडिलांना कुणी नाना म्हणायचं नाही. “ओ शेलार” म्हणायचे. नाना औषध फवारायचे पंप दुरुस्त करायचे, म्हणजे पंप बिघडला की सगळं गाव आमच्या दारात. पंप चालू झाला की परत “बरंय शेलार.”

आमच्या गटानं विचारायला सुरुवात केली. मी मुद्दाम मागं उभी राहिले, धैर्यशील पुढं.

“काकू, शेलारांच्या घराला काय म्हणता?”

“शेलारांच्या? ते व्हय... ते पलीकडचं.”

दुसऱ्यानं सांगितलं, “माळावरचं घर. म्हंजे माळावर आनि पन घरं हैत, पन ते.” तिसरा म्हणाला, “धरणातनं आलेल्यांचं.” चौथ्यानं तर बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “त्याला काय म्हनायचं? काय म्हनत न्हाई बा आमी.”

धैर्यशील टॅब हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागला. “वृषे, तिघांचं जुळंना.”

“दिसतंय मला!”

सरांनी मला बाजूला घेतलं. “आपण साधं ‘शेलार’ लिहू या ना.”

“नको सर. नियम म्हणजे नियम.” मी एवढं बोलले आणि नळावर जाऊन तोंड धुतलं, कारण रडू यायला लागलं होतं. गोठ्यावर टिकली होती. पिठाच्या गिरणीवर होती. अहो, गावच्या बंद पडलेल्या आडावर टिकली होती, आणि आमचं घर नकाशावर नव्हतं.

घरी जाऊन मी भांडले. कुणाशी भांडायचं ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांशीच.

“आपल्या घराला नाव का नाही?”

नाना पंपाची नळी फुंकत होते. “कशाला पायजे नाव? आपलं घर आपल्याला सापडतंय की.”

“तसं नव्हे हो! सगळ्यांना आहे. आपल्यात कुणी काही केलंच नाही का? चोरी तरी करायची होती कुणीतरी!”

आई भाकरी थापता थापता थांबली. “तिकडं होतं की नाव. घंटेकर म्हणायचे आपल्याला. देवळातली घंटा तुझ्या पणजोबांनी डोक्यावरनं चढवून नेली होती.”

“मग इथं का नाही सांगितलं?”

“ते नाव ठाऊक असणारी माणसं आता दहा गावांत पांगली,” नाना म्हणाले. “नाव एकट्यानं सांगून होत नाही बाळ. जेव गप.”

पुढं रोज शाळेतून आले की आई विचारायची, “जुळलं का तिघांचं?” मी मान हलवायची. नाना विचारायचे नाहीत, पंपाची नळी फुंकत बसायचे.

तेवढ्यात सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिराच्या खिडक्यांना आम्ही ताडपत्र्या लावल्या, आत अंधार केला, भिंतीवर पांढरी चादर, समोर प्रोजेक्टर. सगळं गाव जमलं. पुढं खुर्चीवर अध्यक्ष आबासाहेब बसले. आबासाहेब म्हणजे सहा फूट उंच, मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं, आणि आवाज असा की त्यांनी नुसतं “काय?” म्हटलं तरी लहान पोरं घरी पळायची. त्यांच्या मागं बायका, पुरुष, म्हातारी माणसं. नाना-आई दाराजवळ उभे होते, जागा असूनही.

मी माइकवर होते. “आता आपण आपलं गाव बघू या,” म्हणाले. चादरीवर मोकाशेवाडी उमटली. गल्ल्या, ओढा, देऊळ, शाळा, आणि सगळीकडं लाल टिकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी उलट्यांच्या टिकलीवर बोट ठेवलं आणि पोराच्या आवाजात बैलांची गोष्ट सुरू झाली.

गाव हसलं. असलं हसलं की ताडपत्र्या हलल्या. फक्त उलटे हसले नाहीत.

मग अर्धमिशे. उलटे पोट धरून हसले, अर्धमिशे गप्प झाले. मग भजीवाले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात यायला लागलं, की काहीतरी चुकतंय. आमच्या गावची एक रीत होती. घराचं नाव सगळ्यांना ठाऊक, सगळे तेच वापरणार, पण ते पाठीमागं. तोंडावर म्हणायचं नाही. ज्याचं त्याच्यासमोर तो संभाजीराव, शंकरराव. तो दाराबाहेर पडला की अर्धमिश्या. पोरांना यातलं अर्धंच कळलेलं असतं, आणि सर तर मिरजेचे. आम्ही गावाच्या पाठीमागचं सगळं उचलून गावाच्या तोंडासमोर चादरीवर लावलं होतं.

मी सरांना खुणावलं, पण सर खुशीत होते. पुढची टिकली. धैर्यशीलचा आवाज, स्पष्ट, ठणठणीत:

“आमच्या घराला रडके म्हणतात. माझ्या खापरपणजोबांच्या लग्नात नवरी रडली नाही, नवराच रडला. आईला सोडून मांडवापर्यंत एकटं जायचं म्हणून. शेवटी नवरीनं त्यांना पदरानं नाक पुसून दिलं आणि मग अक्षता पडल्या.”

मग मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बांध फुटला.

आबासाहेब उठले. “बंद करा!” म्हणाले आणि स्वतःच जाऊन बोर्डातली वायर उपटली. चादर काळी, माइक बंद. कुणीतरी ताडपत्री ओढली आणि आत भस्सकन ऊन आलं.

“ही शाळा हाय का तमाशा?” आबासाहेब सरांच्या अंगावर आले. “ओ सर, यासाठी टॅब दिले तुमाला? माझ्या खापरपणजोबाचं नाक जगाला दाखवायला?”

“साहेब, मला वाटलं, ही नावं तुमच्या अभिमानाची...” सरांचा चेहरा पडला होता.

“अभिमान? अवो, सोयरीक जुळवायला पाव्हनं येनार, मोबाइलवर घर शोधनार, आनि काय वाचनार? रडके?”

मग सगळेच सुटले. उलटे ओरडत होते, अर्धमिशे ओरडत होते. गंमत म्हणजे प्रत्येकाचं म्हणणं एकच: “आमचं तेवढं काढा. बाकीची राहू द्या, बाकीची खरी हैत.”

“कुनाचंच ठेवायचं न्हाई,” आबासाहेब म्हणाले. “नकाशा पुसून टाका, आत्ताच्या आत्ता. टॅब कपाटात. किल्ली माझ्याकडं. काय?”

सरांनी टॅब हातात घेतला. त्यांचं बोट त्या पुसायच्या चौकोनाकडं गेलेलं मी बघितलं. आणि माझं टाळकं फिरलं. माइक बंद होता, पण मला त्याची गरज कधीच नव्हती.

“पुसू नका!”

भिंतीवरची पाल पडावी असा आवाज निघाला असणार, कारण सगळं समाजमंदिर गप्प झालं. आबासाहेबसुद्धा.

“नाव आहे म्हणून भांडताय तुम्ही! आमच्या घराला नावच नाही! मी स्वतः विचारत फिरले, कुणी म्हणतं पलीकडचं, कुणी म्हणतं धरणातलं, कुणी म्हणतं काहीच म्हणत नाही! आमच्या गावाला देऊळ होतं, त्याला घंटा होती, ती माझ्या पणजोबांनी डोक्यावरनं नेली, आणि ते सगळं आता पाण्याखाली आहे! ते नाव सांगणारं इथं एक माणूस नाही! तुमच्या आजोबांनी भजी खाल्ली तरी गावानं लक्षात ठेवलं! आमची आठवण कोण ठेवणार? आम्हाला काहीही म्हणा. चोर म्हणा, रडके म्हणा, पण म्हणा तरी काहीतरी!”

मला धाप लागली. दाराजवळ आईनं पदर तोंडाला लावला होता आणि नाना जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, संपलं. आता गावातनं काढतील.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या अर्धमिश्यांच्या सोनाआजींनी दोन्ही कानांवरचे हात काढले. सोनाआजी नव्वदीच्या, त्यांना ऐकू यायचं नाही असं सगळं गाव धरून चालायचं.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “पोरगी हाय का कारखान्याचा भोंगा? माझं बंद पडल्यालं कान उघडलं की!”

आमच्या कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा आणि पार ओढ्यापलीकडच्या गावात ऐकू जायचा. जे हसू पिकलं म्हणता! सर हसले, उलटे हसले, भजीवाले हसले. मी एवढी संतापले की माझे कान गरम झाले. माझ्या घरावर बोलतेय मी, आणि हे हसतायत!

फक्त आबासाहेब हसत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांची ती लिंबू ठेवायची मिशी थरथरत होती. मग एक मोठा थेंब तिच्यावरून घरंगळला.

“आबा,” धैर्यशील म्हणाला, आणि देवानं त्या पोराला हळू बोलायची बुद्धीच दिली नव्हती, “आबा, तुम्ही रडताय?”

“धूळ गेली.”

“दोन्ही डोळ्यांत?”

आता आबासाहेबांना राहवेना. त्यांनी खिशातला रुमाल काढला, खाड्कन नाक शिंकरलं आणि सगळ्या गावाकडं वळले. “व्हय, रडतोय! रडकेच आमी! माझा बाप रडायचा, आजा रडायचा, आमच्यात बैल इकला तरी रडत्यात. काय म्हननं हाय कुनाचं?”

आबासाहेब बोर्डाजवळ गेले आणि उपटलेली वायर स्वतःच परत लावली. “राहू द्या नकाशा,” सरांना म्हणाले. “फकस्त ते नाक पुसल्यालं तेवढं काढा.”

“काढतो साहेब,” सर म्हणाले.

नकाशा वाचला, त्याबद्दल सगळे खूश होते. मी नव्हते. आमच्या घरावर टिकली नव्हतीच. उलट दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत डबा ठेवून मी बाहेर पडले, आणि पाठीमागं गिरणीवाल्याचा आवाज ऐकला. कुणाला तरी सांगत होता, “ह्यो डबा भोंग्याच्या घरातला. बारीक दळायचा.”

मी पाय आपटत घरी आले. “मला भोंगा म्हणतात!” आईला हसू येत होतं आणि ती ते दाबायचा प्रयत्न करत होती, त्याचा मला आणखी राग आला. पण नाना उठले. नाना सहसा चिडायचे नाहीत. चिडले की त्यांचा आवाज खाली जायचा.

“कोण म्हणतं?”

“गिरणीवाला. सोनाआजींनी सुरू केलं.”

“माझ्या पोरीला? आजवर ऐकून घेतलं. धरणवाले म्हणाले, ऐकलं. पलीकडचे म्हणाले, ऐकलं. पोरीला नावं ठेवायची नाहीत.” त्यांनी शर्ट चढवला. “अध्यक्षाला विचारतो जाऊन.”

“अहो, जाऊ नका,” आई म्हणाली. “त्यांच्या दारात कधी गेला नाहीत आजवर.”

“म्हणूनच जातो.”

नाना गेले. दिवेलागण झाली तरी परत आले नाहीत. आई सारखी दारात जाऊन रस्त्याकडं बघत होती. मला नाव हवं होतं, आणि त्यापायी आता नाना आणि आबासाहेबांची मारामारी होणार, पंप दुरुस्तीला कुणी येणार नाही, सरांचं काहीतरी होणार. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगून टाकलं की मला टिकली नको.

मग नाना येताना दिसले. हळूहळू चालत होते. अंगणात येऊन ते पायरीवर बसले. तोंडात पान होतं. माझ्या वडिलांना पान खाताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

“काय झालं?” आई म्हणाली. “भांडलात का?”

“भांडायचं होतं,” नाना म्हणाले. “दारात गेलो. आबासाहेब म्हणाले, या, बसा. सोप्यात बसवलं. मी म्हटलं, बसायला नाही आलो. ते म्हणाले, आधी चहा, मग काय ते. आणि आत हाक मारली, पाहुणे आलेत म्हणून.”

“मग?”

“मग आतनं त्यांच्या सुनेनं सासूला विचारलं, कोण आलंय?” नाना थांबले. पान गालात सरकवलं. “सोप्यात सगळं ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नसावं. सासू हळूच म्हणाली, भोंग्याचा बाप आलाय, चहात साखर जास्त घाल.”

मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आता पुढं काय येणार.

“धरणातला शेलार आलाय, असं नाही म्हणाली,” नाना म्हणाले. “बाहेर आली तेव्हा मला ‘नाना’ म्हणाली. नाना, चहा घ्या. तोंडावर नाना. पाठीमागं भोंग्याचा बाप.” त्यांनी आईकडं बघितलं. “अगदी आबासाहेबांना म्हणतात तसं.”

आई त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“मग तुम्ही भांडला नाहीत?” मी विचारलं.

“कसला भांडतोय. दोन कप चहा प्यालो. त्यांचा पंप गळतोय म्हणाले, उद्या आणून देतो म्हणाले.” नानांनी बोटं पुढं धरली आणि एकेक मिटायला लागले. “सोनाआजी, एक. गिरणीवाला, दोन. आणि ही माऊली, तीन. तिघंही घराबाहेरचे, तिघंही वेगवेगळे.”

मी रोज घरी येऊन त्या नियमाचं रडगाणं गायची, तेव्हा नाना नळीच फुंकत असायचे. मला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही.

“नाना, पण भोंगा!” मी म्हणाले. “आख्ख्या जगाला दिसेल ते. मोठी झाले तरी राहील!”

“राहू दे की,” नाना म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि पुसताना हसले. “उद्या सकाळी लवकर जा शाळेत. सर आले की पहिली टिकली आपली लाव.”